दिप्या, ती दोन भोकं तुझी होती

प्रिय दिप्या,

किती महिन्यांनी लिहून राहिलो ते मोजू नको. तुझे तीन व्हॉइस नोट पडून आहेत, एक तर तू गाडीतून पाठवलेला, मागे कोणीतरी हॉर्न मारून राहिलं होतं, तो मी चार वेळा ऐकला पण उत्तर नाही दिलं. आता फोन करता आला असता, पण हे फोनवर नाही जमणार, तू मध्येच हसशील आणि मग मी पण हसून विषय बदलीन. इकडे सगळे बरे. आईचे गुडघे तसेच, माझी बीपीची गोळी चालू, झालं.

तर मी पुण्याला जाऊन आलो बे. स्टेट खेळून आलो. शूटिंगच. दहा मीटर एअर पिस्टल. हसून घे एकदाचा.

सुरुवात तुला माहीतच आहे. २०२४ च्या एक ऑगस्टला दुपारी आम्ही आठ जण बँकेच्या लंच टाइममध्ये एका मोबाइलवर डोकं घालून स्वप्निल कुसाळेची फायनल पाहिली होती. खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या माणसाला स्वतःच्या एकट्याच्या नावावर ऑलिम्पिक मेडल, आणि तो पण रेल्वेतला टीसी. सगळे टाळ्या वाजवून डबे उघडायला गेले, आणि माझ्या नाकात मात्र एकदम फायरिंगच्या मैदानावरच्या त्या जळलेल्या बारुदाचा वास. का ते पुढे सांगतो.

पुढच्या महिन्यात मी क्लब लावला. सहा लेनचा हॉल, एक कूलर, तो पण उन्हाळ्यात आवाज जास्त आणि हवा कमी. शिकवणारी मुलगी चोवीस वर्षांची, मी तिला ताई म्हणतो, ती मला काका म्हणते. पहिले दोन महिने तिनं मला छर्राच भरू दिला नाही, नुसतं ड्राय. घरी हॉलच्या भिंतीवर बरोबर एक मीटर चाळीस सेंटिमीटरवर तुझ्या वहिनीची एक टिकली चिकटवली आणि रोज रात्री अर्धा तास तिच्यावर रिकामं पिस्टल धरून उभा. ती सोफ्यावर मटार सोलता सोलता म्हणते, माझ्यावरचा राग टिकलीवर काढून राहिले का. सेकंडहँड मोरिनी कंपनीचं पिस्टल घेतलं, केवढ्याला ते तिला अर्धंच सांगितलंय, तू पूर्ण विचारू नको.

आणि डोळे दिप्या! डोळे सगळ्यात आधी दगा देतात. यात टारगेट नाही पाहायचं, पुढची साइट पाहायची, ती कडक दिसली पाहिजे आणि मागचं काळं गोल धूसर. माझ्या चाळिशीत उलटंच, गोल एकदम स्वच्छ आणि साइट म्हणजे भुताची सावली. शेवटी एका डोळ्याला वेगळी काच बसवली. त्या दहाच्या रिंगचा व्यास साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे तुझ्या शर्टाच्या बटणाएवढा, तो दहा मीटरवर, एका हातानं, आणि असे साठ शॉट ७५ मिनिटांत. तू तिकडून म्हणशील एका जागी उभं राहून मारणं म्हणजे पोस्टात शिक्के मारणं. ते भांडण आपलं मिटणार नाहीच. तुमचं ते प्रॅक्टिकल शूटिंग, पळत पळत, भिंतीआडून, टारगेटवरच्या ए भागाला पाच, सी ला तीन, डी ला एक, चुकला की वजा दहा, आणि वरून सगळं टाइमनं भागायचं, हे शूटिंग आहे का चक्रवाढ व्याज? आणि पहिल्याच मोठ्या मॅचला मॅगझिन बदलताना नळी १८० अंशांच्या मागे, म्हणजे मागच्या बाजूला गेली म्हणून तुला डिसक्वालिफाय करून घरी पाठवलं, तेव्हा मी दोन दिवस हसत होतो. आता नाही हसत. देवानं फेडून घेतलं.

महाराष्ट्र एक्स्प्रेसनं गेलो. रात्रभर पिस्टलची पेटी पायाशी, वर कागदांची फाइल, झोप शून्य. बालेवाडीला पोचलो तर जिकडे तिकडे पोरं. तेरा-चौदा वर्षांची, बुटांच्या पिशव्या, गळ्यात कार्ड, आणि आयाबाया डबे घेऊन. मला एका बाईनं विचारलं, तुमचा मुलगा कोणत्या डिटेलला, म्हणजे कितव्या बॅचला? मी म्हटलं दुसऱ्या. खोटं नाही, डिटेल दुसरीच होती, फक्त मुलगा मी होतो.

माझी लेन १७. उजवीकडे १८ ला एक पोरगा, असेल चौदाचा, मिसरूड पण नाही, उंची माझ्या खांद्याएवढी. सायटरमध्ये, म्हणजे मॅचआधीच्या सरावाच्या शॉटमध्ये, माझा हात असा हलून राहिला होता की स्क्रीनवर शॉट नाही, रांगोळी पडून राहिली होती. पण मॅच सुरू झाली आणि बसला. पहिल्या दहात ८६. ८७ दुसऱ्यात. ताईचं एकच सांगणं होतं, काका ओढू नका, दाबा, आणि सुटल्यावर पण हात तिथंच ठेवा. मी तेच मनात घोकत होतो.

बावीस शॉट झाले, हात भरून आला म्हणून खुर्चीवर बसलो, दोन घोट पाणी, घाम पुसला, डोळे मिटले. उठलो, पिस्टल उचललं, आणि दिप्या, काय सांगू, तसा शॉट मी आयुष्यात मारला नाही. साइट कडक, मध्ये उजेडाच्या दोन फटी सारख्या, ट्रिगर कधी सुटला मला कळलं पण नाही. आणि माझ्या स्क्रीनवर काहीच नाही. कोरी. मला वाटलं मशीन बिघडलं.

तेवढ्यात शेजारच्या पोरानं पिस्टल टेबलावर ठेवलं आणि हात वर केला.

आरओ, म्हणजे रेंज ऑफिसर आला. पोरगा हळूच म्हणाला, सर, हा माझा शॉट नाही, मी अजून नेम धरलाच नव्हता. त्याच्या स्क्रीनवर १०.३. माझा. मी १८ वर मारला होता बे, खुर्चीवरून उठताना एका पावलानं वाकडा उभा राहिलो आणि नंबर पाहिलाच नाही. क्रॉसफायर, दुसऱ्याच्या टारगेटवर शॉट. नियम साधा आहे, माझा तो शॉट मिस, शून्य, आणि त्या पोराच्या हिशोबात धरायचा नाही. ते गप्प राहिलं असतं तर दहा त्याच्या खात्यात फुकट जमा होते, कोणाला कळलं नसतं, मी स्वतः मशीनलाच शिव्या देत बसलो असतो. पण त्यानं विचार पण नाही केला. स्क्रीन पाहिली, हात वर. एवढंच.

निघताना मला म्हणतो, काका, होतं असं, माझंही एकदा झालंय. मी त्याला काहीच बोलू शकलो नाही. थँक्यू पण नाही.

आता ऐक. १९९७ चा जानेवारी, एनसीसीचं फायरिंग, पॉइंट टू टू, २५ यार्ड, पाच-पाच राउंड. तू चार नंबरला लेटलेला, मी पाचला. थंडी अशी की बोटं वाकत नव्हती. उस्तादनं टारगेट पाहिले आणि अख्ख्या पलटणीसमोर तुझ्यावर ओरडला, तीन इधर, दो वॉशआऊट, आँख बंद करके मारा क्या! आणि माझ्या टारगेटवर पाच भोकं, मस्त गुच्छ, शाब्बास, कॅम्पच्या टीममध्ये माझं नाव.

माझे शेवटचे दोन मातीत गेले होते. मला माहीत होतं. घोडा असा झटक्यात ओढला होता की समोर धूळ उडालेली मी स्वतः पाहिली. म्हणजे माझ्याकडे भोकं तीनच हवी होती आणि होती पाच, आणि ती दोन कोणाची हे समजायला काही गणित लागत नव्हतं. मी हात वर केला नाही. कागद घडी केला आणि उभा राहिलो.

मला वाटलं होतं विसरलोय. तू दहा वर्षं चिडवायचा, माझ्या गोळ्या खाऊन कॅम्पला गेला साला म्हणून, संज्या पण हसायचा, मी पण हसायचो. सीताबर्डीवर तर्री पोहे खाताना, तुझ्या लग्नात, दरवेळी. तू गंमतच करून राहिला आहे असं मी स्वतःला सांगत आलो. आता बालेवाडीहून आलो तेव्हापासून झोप लागता लागता त्या पोराचा वर गेलेला हात दिसतो आणि मग तू दिसतो, कोपर टेकवून लेटलेला, स्वेटर विटलेला, उस्तादकडे पाहत. तुझं तोंड तेव्हा कसं झालं होतं मला बरोबर आठवतं. त्यानंतर तू फायरिंगला आलाच नाही, आजारी आहे म्हणाला होता. तीस वर्षं होत आली, आणि आता तू तिकडे टेक्सासमध्ये रविवारी रविवारी पळत गोळ्या मारतो, त्याचा याच्याशी संबंध आहे की नाही हे पण मी रात्री विचार करून राहिलो, म्हणजे किती वेडा झालो बघ. तुझ्या वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, अहो शाळेतली गोष्ट, आता काय. ताईला सांगितलं तर म्हणाली, काका, नंबर बघून उचलत जा.

म्हणून तुलाच विचारतो. तुला माहीत होतं का? गंमत नव्हता करत ना तू?

स्कोअर विचारशील, ५११ लागला. सगळ्या यादीत खालून कुठं ते मी मोजलं नाही. पिस्टल पेटीत आहे, वीस दिवस झाले, टिकली भिंतीवर तशीच आहे. पुढच्या महिन्यातल्या जिल्ह्याच्या मॅचचा फॉर्म टेबलावर पडून आहे, भरला नाही.

तुझ्या नव्या नोकरीचं कळलं, अभिनंदन, पगार वाढला म्हणजे आता तिकीट काढ. रियाची ॲडमिशन झाली का? काकूंना मागच्या रविवारी भेटून आलो, मोतीबिंदूचं ऑपरेशन व्यवस्थित झालं, तुझ्यासाठी संत्रा बर्फी कोणाच्या हातून पाठवायची ते विचारत होत्या.

कपाट आवरताना त्या कॅम्पचं सर्टिफिकेट सापडलं. शाई फिकी झाली आहे, पण नाव वाचता येतं, माझंच. फोटो नाही पाठवत. तू आला की हातात देतो.

तुझा,
विन्या