मॅडम, ते पाकीट अजून माझ्याकडे आहे

वकील मॅडम,
सप्रेम नमस्कार.

माझ्या घटस्फोटाच्या निकालाची प्रत हातात आली त्या दिवशी कोर्टाच्या जिन्यात तुमच्याशी दोन शब्दही धड बोलता आले नाहीत. तुमच्या दुसऱ्या केसचा पुकारा झाला आणि तुम्ही घाईने वर गेलात. घरी आल्यावर तीनदा फोन हातात घेतला, पण बोलायला लागले की रडू फुटेल म्हणून ठेवून दिला. म्हणून हे पत्र. आणि सगळ्यांना दिसेल असं, कारण माझ्यासारख्या कितीतरी जणी आज कुणाला तरी विचारत असतील, एखादा चांगला वकील माहीत आहे का गं?

तुमच्याकडे आले तेव्हा मी दीड वर्ष पोळून निघाले होते. पहिले वकील मामांच्या ओळखीतले. 'आपलाच माणूस आहे, पैशाचं काय ते बघून घेऊ,' असं ठरलं. आपल्या माणसाला फी किती, कशाकशाची, हे विचारणं बरं दिसत नाही, असं घरात सगळ्यांचं मत. मीही विचारलं नाही. आधी २५,००० दिले. मग दर तारखेला १,५००. जजसाहेब रजेवर, १,५००. समोरचे वकील आलेच नाहीत, १,५००. बोर्डावर नंबर लागला नाही, तरी १,५००. एकदा तर आमचेच वकील आले नाहीत. ज्युनिअरने पुढची तारीख घेतली आणि पैसे मात्र न विसरता मागितले. पावती एकदाही नाही. मी मेडिकलच्या काउंटरवर उभी असते, गोळ्यांच्या एका पट्टीचंही बिल करून देते. आणि माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या व्यवहाराचा माझ्याकडे एक चिटोरा नव्हता.

कोर्ट फी म्हणूनही त्यांनी माझ्याकडून पैसे घेतले होते. महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणात बायकांना ती फी १९९४ पासून माफ आहे, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला कळलं. रक्कम फार नव्हती. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

शेवटी त्यांनी सांगितलं, एकरकमी पोटगी मिळाली की त्यातले पंधरा टक्के माझे. मी नाही म्हटलं, तर म्हणाले, मग ३०,००० भरा आणि फाईल घेऊन जा. लग्नाचा दाखला, मुलीच्या जन्माचा दाखला, दागिन्यांच्या पावत्या, सगळी अस्सल कागदपत्रं त्या फाईलमध्ये होती. मामांना सांगितलं तर ते म्हणाले, 'तूच काहीतरी बोलली असशील.' मॅडम, त्या माणसाच्या वागण्याइतकंच मामांचं हे वाक्य मला लागलंय. नवऱ्याच्या घरी ऐकून घ्यायची सवय झाली होती. माहेरीही तेच ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं.

मग तुम्ही. तुमच्या टेबलासमोर बसून मी पहिलं वाक्य बोलले ते 'तुमची फी किती?' हे. त्याआधी नमस्कारही केला नव्हता बहुतेक. तुम्ही रागावला नाहीत. फी सांगायच्या आधी तुम्ही म्हणालात, 'तुम्हाला सरकारी मदतीतून मोफत वकीलही मिळू शकतो, माहीत आहे ना? १९८७ चा कायदा आहे. बाई असेल तर उत्पन्नाचीही अट नाही. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे अर्ज करायचा. विचार करा, मग माझ्याकडे या.' दारात आलेल्या पक्षकाराला कोणता वकील असं सांगतो? मी त्याच क्षणी ठरवलं की केस तुमच्याकडेच द्यायची.

फाईलचं तुम्ही दोन वाक्यांत मिटवलंत. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराची कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय, आणि पोटगीत वाटा मागणं तर बार कौन्सिलच्या नियमांतच बसत नाही. तुम्ही त्यांना एक पत्र पाठवलंत आणि आठवड्यात फाईल आली. दीड वर्ष मला वाटत होतं की मीच कुठेतरी चुकतेय.

पण मॅडम, मला लिहायचंय ते पाकिटाबद्दल.

तुम्ही फीचे टप्पे एका कागदावर मराठीत लिहून दिले होते. त्याप्रमाणे एका तारखेचे पैसे मी आदल्या दिवशीच भरले. त्या दिवशी जजसाहेब रजेवर होते, अकरा वाजताच तारीख मिळाली, आणि मी सवयीने घरी गेले. चार दिवसांनी सही करायला आले तेव्हा तुम्ही ड्रॉवरमधून एक खाकी पाकीट काढून माझ्यापुढे सरकवलंत. आधी वापरलेलं, जुना पत्ता पेनने खोडलेला. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं: 'दि. १८ चे. कामकाज नाही. परत.' आत माझ्याच नोटा होत्या, मी घातलेल्या रबरबँडसकट. मी म्हटलं, राहू द्या मॅडम, पुढच्या वेळी वळते करा. तुम्ही मान वर न करता म्हणालात, 'पुढचं पुढे. हे तुमचे आहेत.' आणि लगेच कागद उलटून सहीची जागा दाखवलीत.

तुमच्या लक्षातही नसेल. मी मात्र बाहेर येऊन बाकावर बसले आणि ते पाकीट धरून कितीतरी वेळ तशीच होते. लग्नाच्या नऊ वर्षांत आणि त्यानंतरच्या दीड वर्षात माझ्याकडून घेतलेलं काहीही कुणी मला आपणहून परत दिलं नव्हतं. दागिने नाहीत, पगार नाही. आणि इथे एक परकी बाई, मी मागितलं नसताना, हिशोब ठेवून, तारीख घालून पैसे परत देत होती.

अशी माणसं असतात. गाजावाजा न करता नीट वागणारी. आमच्या मेडिकलमध्ये एक आजोबा सुट्टे जास्त आले तर चौकातून परत येऊन देतात. मुलीच्या शाळेतल्या एका शिपाईमामांनी केस चालू होती ती सगळी वर्षं माझ्याशिवाय कुणाच्याही हाती तिला सोडलं नाही. याला काही कायदा लागत नाही. पण कायदा हातात असलेलं माणूस असं वागलं की समोरच्याला केवढं बळ येतं, हे मी अनुभवलंय.

अजून एक. जुन्या अर्जात लिहिलं होतं की सासूबाई मला उपाशी ठेवायच्या. तुम्ही मोठ्याने वाचत थांबलात आणि विचारलंत, 'हे झालं होतं?' मी म्हटलं, नाही, त्या जेवल्याशिवाय उठू द्यायच्या नाहीत. तुम्ही ते वाक्य खोडलंत. पुढे आपसात मिटलं, दोघांच्या सह्या झाल्या. त्या दिवशी सासूबाई मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. ते वाक्य तसंच राहिलं असतं तर मला त्यांच्याकडे बघता आलं नसतं.

मॅडम, पुढच्या सोमवारी तुमच्याकडे एक जण येईल. आमच्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येते, वय फार नाही. तुमचा नंबर मीच दिलाय. पैशांचं विचारायला ती लाजेल, तेव्हा तुम्हीच आधी काढा तो विषय. आणि तो कागद लिहून द्याल ना, मला दिलात तसा? तिला इंग्रजी वाचता येत नाही.

तुमची,
ती मेडिकलवाली