कामगारमंत्री, जाहिरातीत पगार लिहायला लावाच

मा. कामगारमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

मी बारा वर्षं रिक्रूटमेंटमध्ये आहे, म्हणजे ज्याची तक्रार करतेय ते रोज मीच करते, हे आधीच सांगून टाकते. उमेदवार समोर बसला की दहाव्या मिनिटाला मी विचारते, "सध्या किती मिळतात?" माझ्या लॅपटॉपवर त्या पोस्टचं बजेट उघडं असतं, कमीत कमी इतके, जास्तीत जास्त इतके, त्याला ते दिसत नाही. तो आकडा सांगतो, मी त्यावर वीस-पंचवीस टक्के चढवते, तो खूश होऊन थँक्यू म्हणतो, आणि बजेटमधले पैसे वाचवले म्हणून माझं अप्रेझल चांगलं जातं.

म्हणजे पगार कामाचा ठरतच नाही, आधीच्या पगारावरून ठरतो. पहिल्या नोकरीला कोणी नड होती म्हणून कमी पैशांवर हो म्हणाला की तो आकडा त्याची पाठच सोडत नाही. मूल लहान म्हणून तीन वर्षं घरी बसलेल्या बाईचं तर विचारूच नका, तिची सॅलरी स्लिपच तीन वर्षं जुनी.

अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन बाईंनी १९३३ च्या पुस्तकात याला नाव दिलं, मोनोप्सनी, म्हणजे घेणारा एकच असला की भाव तोच पाडतो. पण त्यासाठी खरोखर एकच कंपनी असायला लागत नाही साहेब, शेजारच्या कंपनीत याच कामाचे किती मिळतात हे कळलं नाही तरी तेच होतं.

एका ठिकाणी पगाराची एक्सेल शीट चुकून सगळ्या टीमला गेली होती. पाच मिनिटांत मेल परत घेतला पण काय उपयोग, तोवर सगळ्यांनी उघडली होती. सहा वर्षं काम केलेला एक जण ज्या नव्या पोराला काम शिकवत होता त्या पोराचा पगार याच्यापेक्षा जास्त. तो काही बोलला नाही, दोन महिन्यांनी राजीनामा. आम्ही मीटिंग घेतली, विषय काय, तर फाइलला पासवर्ड.

उपाय काही नवा नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ मध्येच कायदा करून ऑफरच्या आधी जुना पगार विचारायला बंदी घातली. तिथल्याच कोलोरॅडो राज्यात २०२१ पासून जाहिरातीत पगाराची रेंज लिहावी लागते, तेव्हा काही कंपन्यांनी घरून करायच्या कामाच्या जाहिरातीत चक्क लिहिलं, कोलोरॅडोवाल्यांनी अर्ज करू नये! आकडा सांगण्यापेक्षा माणसं नकोत. युरोपियन युनियनने २०२३ च्या डायरेक्टिव्हमध्ये, म्हणजे सदस्य देशांना दिलेल्या आदेशात, दोन्ही गोष्टी घातल्या, फक्त रेंज जाहिरातीत नसली तरी इंटरव्ह्यूच्या आधी सांगावी लागते.

तुमच्याकडे मालक लोक येतील आणि सांगतील की याने असंतोष वाढतो. खरंय ते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांवर अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड आणि मंडळींनी अभ्यास केला (२०१२ मध्ये छापून आला), त्यात ज्यांना आपण सहकाऱ्यांच्या पगाराच्या मधल्या आकड्याच्या खाली आहोत हे कळलं ते नाराज झाले, दुसरी नोकरी शोधायला लागले. वरच्यांना काहीच फरक पडला नाही. पण असंतोष काय आकड्याने आणला का, तो कमी पगाराने आणला, आकड्याने फक्त दाखवला. डेन्मार्कमध्ये २००६ च्या कायद्याने कंपन्यांना बाई-पुरुषांच्या पगाराचा रिपोर्ट द्यायला लावला, त्यानंतर दोघांच्या पगारातला फरक कमी झाला, पण बराचसा पुरुषांची पगारवाढ मंदावून, हेही तुम्हाला कोणीतरी सांगेलच, तर माझ्याकडूनच ऐका. म्हणून नुसता रिपोर्ट मागवून भागणार नाही, आकडा जाहिरातीतच हवा, अर्ज करायच्या आधी.

आणि रेंज लिहा म्हटलं की आमचे लोक शिपायापासून सीईओपर्यंत सगळे मावतील अशी रेंज लिहितील, मीच लिहीन. खालच्या आणि वरच्या आकड्यात किती फरक चालेल ते नियमातच टाका, आणि तक्रार उमेदवाराला नाव न देता करता आली पाहिजे, नाहीतर नोकरी शोधणारा माणूस कशाला तक्रार करेल.

आपली,
एक एचआरवाली

ता.क. उद्या अकराला मला एक इंटरव्ह्यू घ्यायचा आहे. जुन्या पगाराचा रकाना आमच्या फॉर्ममध्ये कंपल्सरी आहे, तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.