‘वनस्पतीजन्य’ नॅनोचांदी सुरक्षित कशावरून?

संपादक महोदय,

तुळस, कडुनिंब, कोरफड यांच्या अर्कापासून चांदीचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) बनवल्याच्या बातम्या महाविद्यालयांतून वरचेवर येतात. ‘वनस्पतीजन्य असल्याने सुरक्षित’ हे वाक्य त्यात हमखास असते. इथे अर्काचे काम चांदीच्या आयनांचे (विरघळलेल्या, विद्युतभारित चांदीचे) क्षपण करणे, म्हणजे त्यांना धातुरूप देणे, आणि कणावर थर चढवणे एवढेच. कण चांदीचाच राहतो. तो सुरक्षित आहे की नाही हे चाचणीने ठरते, आणि गोंधळ तिथेच होतो.

नेहमीच्या कृतीत १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटमध्ये (लिटरला सुमारे १७० मिलिग्रॅम) अर्क घालतात. द्रावण तपकिरी झाले आणि ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या दरम्यान प्रकाशशोषणाचे शिखर दिसले, की कण तयार. किती चांदी आयनरूपातच उरली, हे मात्र रंगावरून कळत नाही. मग हेच द्रावण अगार प्लेटच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या तबकडीच्या) खळग्यात घालून, भोवती जंतू न वाढलेले वर्तुळ मोजतात. अगारमधून कण फारसे सरकत नाहीत. आयन आणि अर्कातली लहान रेणूंची द्रव्ये सहज पसरतात. तेव्हा वर्तुळ नेमके कशामुळे उमटले?

उत्तरासाठी तीन कंट्रोल (तुलनेसाठीचे नमुने) लागतात: नुसता अर्क, ३ किलोडाल्टनच्या (फक्त आयन आणि लहान रेणू जाऊ देणाऱ्या) गाळणीतून काढलेला कणविरहित द्रव, आणि त्या द्रवात आयसीपी-एमएसने (धातूचे अत्यल्प प्रमाणही मोजणाऱ्या तंत्राने) जेवढी चांदी सापडेल तेवढ्याच चांदीचे सिल्व्हर नायट्रेट. साध्या सेंट्रिफ्यूजनंतरचा (वेगाने फिरवून कण तळाशी बसवल्यावरचा) वरचा द्रव चालत नाही, कारण सर्वांत बारीक कण त्यातच तरंगत राहतात.

पेशींवरच्या चाचणीत चुका आणखी लपतात. पानांच्या अर्कात जंतूंचे एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातले दाह घडवणारे द्रव्य) येऊ शकते. ऑटोक्लेव्हने (दाबाखालच्या वाफेने) जंतू मरतात, एंडोटॉक्सिन टिकते (काचसामानावरचे घालवायला २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास द्यावी लागते), आणि दाहाचा ठपका कणांवर बसतो. एमटीटी चाचणीवरही (हीत रंगावरून जिवंत पेशी मोजतात) डोळे झाकून विसंबू नये. कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) त्या चाचणीतल्या रंगद्रव्याला चिकटून जिवंत पेशी मेल्यासारख्या दाखवतात, हे २००६ मध्येच जर्मनीतील कार्ल्सरूहच्या शास्त्रज्ञांनी दाखवले. म्हणून पेशींशिवाय नुसते कण घालूनही चाचणी करावी आणि निष्कर्ष दुसऱ्या पद्धतीने पडताळावा.

मात्रेचेही तेच. मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम ही मात्रा लेखांत सर्रास दिसते. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये १०० मायक्रोलिटर घातले आणि सगळे कण तळाशी बसले, तर पेशींवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० मायक्रोग्रॅमचा ढीग होतो. प्रत्यक्षात गुठळ्या झाल्या तर त्या लवकर बसतात, सुटे कण तरंगत राहतात. कणांचा आकार शुद्ध पाण्यात नव्हे, पेशींच्या पोषक माध्यमात मोजायला हवा तो यासाठी.

पर्यावरणाबाबत तर चाचणीची वस्तूच अनेकदा चुकते. सांडपाण्यात नॅनोचांदीचे बहुतांशी सिल्व्हर सल्फाइड होते. ते कमी विरघळते, कमी विषारी असते आणि मुख्यतः गाळात जाते. तोच गाळ खत म्हणून शेतात पडू शकतो. ताजे कण शुद्ध पाण्यात डाफ्नियावर (गोड्या पाण्यातल्या बारीक जीवावर) तपासून नदीला धोका आहे किंवा नाही असे म्हणण्यापेक्षा, गाळ मिसळलेल्या मातीत गांडुळे तपासणे अधिक उपयोगाचे.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. अशी बातमी आली की वरच्या तीन कंट्रोलचे आकडे मागावेत. ते मिळेपर्यंत मथळ्यात ‘सुरक्षित’ऐवजी ‘प्राथमिक चाचणी’ छापावे.

नॅनोविषशास्त्राचे काही अभ्यासक, पुणे