आई-बाबांना इंग्लंडमधलं पीक डिस्ट्रिक्ट दाखवणाऱ्या काकांचे आभार

ती. काकांना,
सा. नमस्कार.

आई-बाबा सुखरूप कराडला पोचले. पोचल्याचं कळवायला बाबांनी फोन केला आणि निम्मा वेळ मॅम टॉरच्या डोंगराबद्दलच बोलत राहिले. निघताना तुमचे आभार मानले होते, पण घाईत. आणि भारतातून आई-वडील येणार म्हटल्यावर त्यांना कुठे न्यावं, काय झेपेल, या काळजीत पडणारी घरं आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

पीक डिस्ट्रिक्टमधल्या होप गावाजवळ शेतातलं एक कॉटेज घेतलंय, एवढंच तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही आधी बाबांच्या गुडघ्यांची चौकशी केलीत, आणि मग ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे इथल्या सरकारी नकाशा खात्याचा, नकाशा घेऊन घरी आलात. हिरव्या तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक वाटा, शेत कुणाचंही असो, त्या वाटेने जायचा हक्क सगळ्यांना आहे, हे तुम्ही सगळ्यात आधी सांगितलंत. मग प्रत्येक वाटेशेजारी पेन्सिलीने लिहिलंत : चढ कुठे आहे, टेकायला जागा कुठे, दगडी कुंपण ओलांडायच्या पायऱ्या, म्हणजे स्टाइल, किती. एके ठिकाणी होतं, ‘इथली स्टाइल उंच आहे, वहिनींना जमणार नाही. थोडं पुढे फाटक आहे.’ फाटक खरोखरच तिथे होतं. आईने ते ओलांडून तुमच्या सांगण्याप्रमाणे कडी घातली आणि म्हणाली, “एवढं कोण कुणासाठी लिहितं गं?”

मॅम टॉर ५१७ मीटर उंच. पण खिंडीजवळ गाडी लावली की पुढचा चढ थोडाच, आणि वाट फरसबंद आहे. वर जुन्या किल्ल्याच्या खुणा आहेत हे तुम्ही बाबांना आधीच सांगून ठेवलं होतंत. मग काय! तरुणपणी वसंतगड, सदाशिवगड पालथे घातलेला माणूस. काठी टेकत टेकत मातीच्या तटाच्या कडेने चालू लागले, खंदक कुठून कुठे गेलाय ते हाताने दाखवू लागले. कांस्ययुगात इथे वस्ती होती हे ऐकल्यावर तर त्यांनी घराच्या जोत्यांचे खळगेसुद्धा शोधले. डोंगराची पूर्वेची बाजू सतत खचत असते. त्यामुळे १९७९ मध्ये कायमचा बंद झालेला मोटाररस्ता तिथे अजून तुकड्या-तुकड्यांनी पडलेला दिसतो. बाबा तिथून हलायलाच तयार नव्हते.

आईसाठी तुम्ही स्टॅनेज एजचा कडा निवडलात. कड्यावर चढायचं नाही, पायथ्याने चालायचं, असं बजावलंत. तिथे गवतात दळणाची दगडी चाकं पडलेली आहेत. इथल्या खरखरीत दगडातून ती घडवत. पुढे धंदा बसला आणि तयार चाकं जिथल्या तिथे राहिली. आज तेच चाक पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाचं बोधचिन्ह आहे. आई एका चाकाशेजारी बसली, मधल्या भोकात हात घातला, कडेवरच्या छिन्नीच्या खुणांवरून बोटं फिरवली आणि आजीच्या जात्याला टाकी लावायला येणाऱ्या पाथरवटाबद्दल बोलू लागली. तो कुठे बसायचा, आजी त्याला मजुरीबरोबर भाकरी कशी द्यायची. हे मी तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

मॉन्सल ट्रेलही झाला. १९६८ मध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरची सपाट वाट, बोगद्यांतही दिवे, त्यामुळे दोघं निर्धास्त चालले. बोगद्यात गार वाटेल, शाल जवळ ठेवा, हेही तुम्हीच लिहिलं होतंत.

किंडर स्काउटवर मात्र तुम्ही पाठवलं नाहीत. दलदलीचं पठार, कधीही उतरणारं धुकं. पण त्याची हकिकत आम्ही निघण्याआधीच सांगितलीत. ही माळरानं तेव्हा बड्या जमीनदारांनी शिकारीसाठी राखून ठेवली होती. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण हेफील्ड गावाहून बंदी मोडून वर चढले. वीस वर्षांचा बेनी रॉथमन त्यांचा पुढारी. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला आणि १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. बाबा ते ऐकून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे ही वाट भांडून मिळवलेली आहे.”

काका, मला खरे आभार याचेच मानायचे आहेत. मी इतकी वर्षं या देशात राहते. गाडीतून ती दगडी कुंपणं, ती हिरवी शेतं पाहिली की वाटायचं, हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे, आपण रस्त्यावरून बघायचं आणि पुढे जायचं. तुम्ही नकाशावर बोट ठेवून ‘इथून आत जा’ म्हणालात. साडी नेसलेली माझी आई मेंढ्यांच्या कुरणातून वाट काढत गेली, समोरून येणाऱ्या शेतकऱ्याने टोपी उचलून नमस्कार केला, आणि कुणाचीही परवानगी लागली नाही. आईच्या आधी मलाच ते बघायची गरज होती.

बाबांनी निरोप दिलाय : थंडीत तुम्ही कराडला यायचंच. सज्जनगडावर तुम्हाला ते नेणार आहेत आणि पायऱ्या किती, टेकायचं कुठे, हे आतापासून लिहून काढतायत. तुमचा नकाशा मी जपून ठेवलाय. शेजारच्या घरी मे महिन्यात सासू-सासरे येतायत, त्यांनाही गुडघ्यांचा त्रास आहे. तुमची हरकत नसेल तर तुमचा फोन नंबर त्यांना देते. काकूंना नमस्कार.

तुमची पुतणीसारखी,
होपच्या कॉटेजवाली