चार नांगर आणि उजाडण्याची वाट

प्रिय मुला,

प्रभूच्या नावाने आशीर्वाद.

तुझा निरोप आईने सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. जहाज तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या बाब-अल-मंडबमधून जाणार की आफ्रिकेला वळसा घालून, याचा निर्णय अजून कळलेला नाही, आणि रोज जपमाळ करूनही रात्री केबिनमध्ये एकटा असलास की छाती धडधडते, असे तू लिहिले आहेस. ‘बाबा, माझा विश्वासच कमी पडतो आहे का?’ हा तुझा प्रश्न फोनवर उत्तर देण्याजोगा नव्हता, म्हणून लिहायला बसलो आहे.

तुझ्या भीतीला कारण आहे, हे मी जाणतो. 2023च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले, आणि 6 मार्च 2024 रोजी एडनच्या आखातात ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या जहाजावर तिघे दर्यावर्दी प्राणाला मुकले. त्या जहाजावरच्या 21 जणांना आपल्या नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’ने बाहेर काढले. त्या दिवसापासून आपल्या वसईच्या पाचूबंदरात ज्या घरातला मुलगा जहाजावर आहे, त्या घरात बातम्या लागल्या की सगळे गप्प होतात. अशा वेळी ‘काही होणार नाही, देव आहे’ एवढेच लिहून मी तुझी समजूत काढू शकत नाही. तसे वचन देवाने मला दिलेले नाही आणि त्याच्या नावावर ते मी देऊही नये.

तुझ्याजवळ बायबल आहे, तर प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय काढ. संत पौलाला कैदी म्हणून रोमला नेत असताना गलबत तुफानात सापडले, त्याची ती हकीकत आहे. ती लिहिणारा लूक स्वतः त्याच गलबतावर होता, आणि बरेच दिवस सूर्य दिसेना, तारे दिसेनात, तेव्हा आपण वाचू ही आशाच उरली नाही, असे तो लिहितो. त्यात तो स्वतःलाही धरतो. शुभवर्तमान लिहिणाऱ्या माणसाची ही कबुली आहे, मुला, आणि ती पवित्र शास्त्रातून कोणी खोडून काढलेली नाही. पुढे रात्री देवदूत पौलाजवळ उभा राहून त्याला ‘भिऊ नकोस’ असे सांगतो. जो घाबरलेला नाही त्याला असे सांगायला कोण कशाला येईल? पकडला जाण्याआधी गेथशेमानी बागेत तर आपला प्रभू येशू स्वतः व्याकूळ झाला होता. तेव्हा छाती धडधडणे हे अविश्वासाचे लक्षण मानू नकोस.

त्या अध्यायातला जो भाग मला सर्वांत जवळचा वाटतो, तो मासेमारी करणाऱ्या माणसाला चटकन समजेल असा आहे. मध्यरात्री खलाशांनी बुडीद, म्हणजे खोली मोजायचे वजन, टाकून पाहिले, तेव्हा वीस वाव (वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाणी भरले. थोडे पुढे गेल्यावर पंधराच वाव. जमीन जवळ येत होती, पण अंधारात खडक दिसत नव्हते. मग त्यांनी वराम्यावरून, म्हणजे गलबताच्या मागच्या टोकावरून, चार नांगर टाकले आणि उजाडण्याची वाट पाहत प्रार्थना केली. एरवी आपण नांगर नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, टाकतो आणि होडी वाऱ्याकडे तोंड करून राहते. त्यांनी ते मागून टाकले, कारण गलबत वाऱ्याने फिरून आडवे होऊ नये आणि उजाडताच नाळ किनाऱ्याकडेच असावी. तुफान थांबवणे त्यांच्या हातात नव्हते, पण अंधार असेपर्यंत जागा धरून ठेवणे त्यांच्या हातात होते. मला जो दिलासा माहीत आहे, तो एवढाच आहे, आणि आजवर तो मला पुरला आहे. तुझी जपमाळही रात्रीपुरता टाकलेला नांगर समज. ती करूनही लाटा लागणारच.

पहाट होऊ लागली तेव्हा चौदा दिवसांच्या उपाशी माणसांना पौलाने खायला सांगितले, स्वतः भाकर घेतली, सर्वांदेखत देवाचे आभार मानले, ती मोडली आणि खाऊ लागला. गलबत पुढे फुटलेच. माणसे मात्र, कोणी पोहत, कोणी फळीवर, माल्टाच्या किनाऱ्याला लागली.

2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले, तेव्हा तू शिकायला बाहेर होतास. करोनामुळे चर्च बंद, वीज गेलेली, फोन लागत नव्हता. आम्ही होड्यांना जादा दोर बांधून घरी आलो. आजीने मेणबत्ती लावली आणि शेजारच्या बायका आमच्या ओटीवर जपमाळेला बसल्या. पत्रे उडण्याच्या आवाजात एकीचे शब्द दुसरीला ऐकू येत नव्हते, तरी बोटांखालचे मणी पुढे सरकत होते. सकाळी पाहिले तर आपली होडी शाबूत होती आणि ज्या शेजाऱ्याची बायको रात्रभर आमच्याबरोबर प्रार्थना करत होती, त्याच्या होडीच्या फळ्या धक्क्यापाशी तरंगत होत्या. त्याची प्रार्थना आमच्यापेक्षा कमी होती, असे म्हणण्याची माझी छाती होत नाही. आजीने काही न बोलता मोठ्या टोपात पेज चढवली आणि त्याला पहिले ताट दिले. तो रडत रडत जेवला आणि दुपारी आम्ही सगळे मिळून दोरखंड घेऊन त्याचे इंजिन गाळातून काढायला गेलो. देव त्या दिवशी कुठे होता, असे कोणी विचारले तर मी त्या टोपाकडे आणि त्या दोरखंडाकडे बोट दाखवीन.

आपल्या वसईतच जन्मलेला संत गोन्सालो गार्सिया समुद्र ओलांडून जपानला गेला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत क्रुसावर मरण पावला. त्याच्याकडे मध्यस्थी मागताना मी ही गोष्ट विसरत नाही. संकट टळलेच पाहिजे, अशी अट घालून मी त्याच्यापुढे उभा राहू शकत नाही. पण तू सुखरूप यावास, हे मागणे मी रोज करतो आणि त्यात मला कसला संकोच वाटत नाही.

आता तुला करायचे ते असे. ड्यूटी संपल्यावर फोनवर त्याच त्या बातम्या पाहत बसू नकोस. वेळेवर जेव. सुरक्षेची कवायत असेल तेव्हा ती मनापासून कर, कारण त्या खलाशांनी आधी नांगर टाकले आणि मग प्रार्थना केली. जहाज केपवरूनच, म्हणजे आफ्रिकेला वळसा घालूनच, न्यावे असे तुम्हा सर्वांना वाटत असेल, तर कॅप्टनसाहेबांपुढे ते नीट मांडा. दहा-बारा दिवस जास्त लागले तर आम्ही वाट पाहू.

आणखी एक. त्या गलबतावर 276 माणसे होती, त्यांत शिपाई होते, कैदी होते, इतर दैवते मानणारे होते, आणि देवाने पौलाला एकट्याचा नव्हे, त्याच्याबरोबरच्या सर्वांचा जीव दिला होता. म्हणून तुझ्या सगळ्या सोबत्यांची नावे, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, आईच्या फोनवर पाठव. रविवारच्या मिस्सासाठी फादरांकडे ती शनिवारी द्यावी लागतात.

तुझे,
बाबा