लुकांगमधल्या अनोळखी माणसांना

तैवानमधल्या लुकांगला रेल्वे जात नाही. चांगह्वा स्टेशनवर उतरून बस धरावी लागते, आणि मी उभी नेमकी चुकीच्या थांब्यावर! दंडाला धरून मला योग्य बसमध्ये बसवणाऱ्या आजी, तुमचे खूप आभार.

माझू ही दर्यावर्दींची देवी. तिच्या देवळात चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे माझ्या हातात देणारे काका, तुमचेही. एक उताणा, एक पालथा पडला की देवीचा होकार. कोकणात कौल लावतात तसंच की! माझे दोन्ही उताणे पडले आणि तुम्ही खो खो हसलात. त्याचा अर्थ ‘देवी हसतेय’ असा असतो, हे मला मागाहून कळलं.

पण खरं ऋण बेकरीतल्या ताईंचं. ‘बैलाच्या जिभेची’ पोळी म्हटल्यावर मी शाकाहारी बाई दोन पावलं मागेच सरले. ताईंनी स्वतःची जीभ बाहेर काढली, बोटानं हवेत तिचा लांबट आकार काढला आणि एक पोळी मोडून आतलं गोड, चिकट सारण दाखवलं. नाव फक्त आकारावरून! वर पैसेही घेईनात.

ताई, माझी निळी छत्री तुमच्याकडेच राहिली. वापरा ती.