कृष्णपुऱ्याच्या काठावर घटकाभर: इंदूरच्या महापौरांना खुले पत्र

मा. महापौर, इंदूर यांस सादर नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात देवासहून आलेल्या माझ्या 76 वर्षांच्या मावशीला शहर दाखवायला मी घेऊन निघालो होतो. सकाळी लालबाग, मग सीतलामाता बाजारात साडीखरेदी आणि दुपारी राजवाडा असा बेत होता. राजवाड्याच्या चौकात पोहोचेपर्यंत तिचे गुडघे भरून आले आणि "बाळा, जरा शांत ठिकाणी ने रे," असे ती म्हणाली. मी तिला जवळच कान्ह नदीच्या काठी, कृष्णपुरा छत्र्यांपाशी नेले. (सकाळी पाहिलेला लालबागही याच नदीकाठचा आहे.)

कृष्णाबाई, तुकोजीराव दुसरे आणि शिवाजीराव होळकर यांच्या स्मृतीसाठी बांधलेल्या या छत्र्यांजवळ बाजाराचा गलका मागे पडतो. आम्ही अगदी रमतगमत पंधरा-वीस मिनिटे चाललो, दगडी कोरीव कामावरून तिने तळहात फिरवला, माहेरच्या घाटाच्या आठवणी सांगितल्या आणि परतताना स्वतःहून म्हणाली, "चल, आता राजवाडा बघू." तेवढ्या फेरीने तिचा पुढचा दिवस सावरला. बसून राहिली असती तर गुडघे आणखी आखडले असते, असे मला वाटते.

मात्र पायऱ्या उतरताना तिला माझ्या खांद्याचा आधार घेत तिरके उतरावे लागले. पुढे वारा फिरला तेव्हा तिने काही न बोलता पदर नाकाला लावला. त्याने मी फार ओशाळलो.

पावसाळा सरला की कान्हचा स्वतःचा प्रवाह अगदी क्षीण होतो, त्यामुळे थोडेसे सांडपाणी मिसळले तरी त्याची दुर्गंधी काठावर साचून राहते. 2021 मध्ये देशातले पहिले 'वॉटर प्लस' (म्हणजे सांडपाणी शुद्ध करूनच बाहेर सोडणारे) शहर ठरलेल्या इंदूरला हे सांडपाणी रोखणे अवघड नाही, असा माझा विश्वास आहे. हेच पाणी पुढे क्षिप्रेला मिळते आणि 2028 मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे. तेव्हा नदीच्या शुद्धीवर खर्च होईलच. त्याच खर्चात काठाने सावकाश चालणाऱ्यांचाही विचार व्हावा, एवढीच माझी मागणी आहे. त्यासाठी रोषणाई नको, कारंजी नकोत. पायऱ्यांना हाताला धरता येईल असा कठडा, निंब-पिंपळाच्या सावलीत पाठ टेकता येईल अशी बाके, पिण्याचे पाणी, जवळच स्वच्छ प्रसाधनगृह आणि वाहनांना अजिबात प्रवेश नसलेली सपाट पायवाट पुरे आहे.

मावशी चैत्रात पुन्हा येणार आहे. तोवर निदान कठडा तरी लागावा, ही नम्र विनंती.

आपला,
एक इंदूरकर